रजा-अर्जांच्या वर्कफ्लोतील अटी दुरुस्त करताना : प्रकल्प नोंदी

ज्या वर्कफ्लोच्या, म्हणजे कामाच्या पायऱ्या आपोआप पार पाडणाऱ्या साखळीच्या, या नोंदी आहेत तो दिसायला साधा आहे. कर्मचारी ऑनलाइन फॉर्म भरतो, अर्जाची ओळ शीटमध्ये जमा होते, ओळ जमा होताच वर्कफ्लो सुरू होतो आणि पाच अटींमधून जाऊन अर्ज तीनपैकी एका ठिकाणी पोहोचतो : आपोआप मंजूर, वरिष्ठांकडे निर्णयासाठी, किंवा त्रुटी दाखवून अर्जदाराकडे परत. प्रकार चार आहेत : नैमित्तिक रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा आणि ‘दुसऱ्या ठिकाणी काम’. दोन दिवसांपर्यंतची नैमित्तिक रजा दोन दिवस आधी मागितली असेल तर ती आपोआप मंजूर होते. तातडीची खूण असेल तर आगाऊ सूचनेची अट माफ होते. आजारपणाची रजा दोन दिवसांपर्यंत आपोआप मंजूर होते आणि त्याहून जास्त असेल तर प्रमाणपत्र लागते. अर्जित रजेला विभागातील सर्व मंजुरीदारांचा होकार लागतो. ‘दुसऱ्या ठिकाणी काम’ ही मुळात रजाच नसल्यामुळे शिल्लक रजेतून काहीही वजा करायचे नसते.

नोड, म्हणजे एकेक पायरी करणारे ठोकळे, एकमेकांना जोडून वर्कफ्लो उभा करायचा, आणि अटी जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नियमांनी तपासल्या जातात. साधनाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणाऱ्या चुका बहुतांशी माझ्या आहेत आणि त्या दुसऱ्या कोणत्याही साधनात तितक्याच सहज करता येतात. वर्कफ्लो उभा करायला मला ९ तास लागले होते. तो दोन महिने चालला आणि या काळात त्याने एकदाही त्रुटीचा संदेश दिला नाही.

३ मार्च

आज सकाळी एका वरिष्ठांनी विचारले की दहा दिवसांची नैमित्तिक रजा त्यांच्याकडे न येता मंजूर कशी झाली. वर्कफ्लोच्या नोंदवहीत त्या अर्जाची फेरी हिरव्या रंगात होती, म्हणजे वर्कफ्लोच्या मते सर्व काही ठीक झाले होते. अर्ज आल्यापासून एका मिनिटाच्या आत मंजुरीचे पत्र गेले होते.

पहिले दोन तास मी वाया घालवले. अटीचा नोड उघडून ‘दिवस २ किंवा त्याहून कमी’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले आणि ते बरोबरच आहे अशी दर वेळी खात्री करून घेतली. नंतर ती अट पुसून तीच पुन्हा लिहिली. अटीत चूक नसेल तर ती अटीपर्यंत आलेल्या मूल्यात असणार, एवढा साधा विचार मला त्या दोन तासांत सुचला नाही.

दुपारी चालू वर्कफ्लोची प्रत काढली, म्हणजे खऱ्या अर्जांना हात न लावता प्रयोग करता येतील. प्रतीतल्या सर्व पत्रांचा पत्ता बदलून स्वतःचा टाकायचा होता. सहापैकी पाच नोडमध्ये तो बदलला आणि सहावा राहून गेला. परिणामी ‘चाचणी चाचणी’ नावाच्या कर्मचाऱ्याचे तीन रजा-अर्ज खऱ्या वरिष्ठांकडे पोहोचले आणि त्यांनी त्यातला एक मंजूरही केला. आता प्रतीमध्ये पत्ता एकाच ठिकाणी, सुरुवातीच्या नोडमध्ये ठेवला आहे आणि बाकीचे सर्व नोड तो तिथून घेतात. हे काम दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी करायला हवे होते.

४ मार्च

कारण सापडले. फॉर्ममधून शीटमध्ये आणि शीटमधून वर्कफ्लोमध्ये येताना दिवसांचा आकडा मजकूर म्हणून येत होता, आणि अटीच्या नोडमधील तुलनेचा प्रकारही ‘मजकूर’ असाच राहिला होता, त्यामुळे मी पेटीत लिहिलेला २ सुद्धा मजकूरच ठरत होता. दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर तुलना शब्दकोशाप्रमाणे, एकेका अक्षराने होते : ‘१०’ मधील पहिले अक्षर १, ते २ पेक्षा आधी येते, म्हणून १० हे २ पेक्षा लहान. या हिशेबाने १० ते १९ दिवसांच्या सर्व रजा ‘दोन दिवसांपेक्षा कमी’ ठरतात. एका बाजूला जरी खरी संख्या असती तरी दुसऱ्या बाजूचे रूपांतर होऊन तुलना बरोबर झाली असती.

चाचणीच्या वेळी हे का कळले नाही, याचे उत्तर माझ्या जुन्या चाचणीच्या यादीत आहे. तिथे मी १, २, ३ आणि ५ हे आकडे वापरले होते, आणि एकअंकी आकड्यांची तुलना मजकूर म्हणून केली तरी उत्तर योग्यच येते.

दुरुस्ती म्हणून सुरुवातीलाच एक ‘शुद्धीकरण’ नोड बसवला. अर्जातील प्रत्येक मूल्याचा प्रकार तिथेच ठरेल आणि पुढच्या कोणत्याही अटीने रूपांतराच्या फंदात पडायचे नाही. प्रत्येक अटीत स्वतंत्र रूपांतर लिहिण्याचा मोह झाला होता, कारण तो मार्ग दहा मिनिटांचा होता. पण मग पाच ठिकाणी पाच तऱ्हेची रूपांतरे झाली असती.

५ मार्च

कालची दुरुस्ती अर्धवट निघाली. शुद्धीकरण नोडमधून बाहेर पडणारी मूल्ये वरपासून खालपर्यंत वाचून पाहिली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली अशी की काही कर्मचारी देवनागरी अंकांत दिवस लिहितात. जावास्क्रिप्टचे संख्येत रूपांतर करणारे फंक्शन देवनागरी ‘२’ ला संख्या मानत नाही. ते ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, असे मूल्य देते. नॅनचा स्वभाव विलक्षण आहे. ते २ पेक्षा कमी आहे का? नाही. जास्त आहे का? नाही. ते स्वतःच्या बरोबर आहे का? तेही नाही. त्यामुळे अट कमीची, जास्तीची किंवा बरोबरीची असो, नॅन असलेला अर्ज मुकाट्याने ‘नाही’च्या फाट्याला जातो. काल दुरुस्ती करण्यापूर्वीही हे अर्ज तिकडेच जात होते, फक्त कारण वेगळे होते : देवनागरी अंकांचे संकेतांक, म्हणजे संगणकात प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक, साध्या अंकांच्या संकेतांकांपेक्षा मोठे असल्यामुळे अक्षरांच्या तुलनेत ते नेहमीच ‘जास्त’ ठरत. एका दिवसाच्या रजेसाठी वरिष्ठांची वाट पाहणाऱ्यांना हे का होते ते कधी कळले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. फॉर्मवर ‘अर्धा दिवस’ या चौकटीत खूण केली की दिवसांचा रकाना लपतो आणि तो रिकामा येतो. रिकाम्या मजकुराचे संख्येत रूपांतर केले की नॅन मिळत नाही, शून्य मिळते. शून्य हे दोनपेक्षा कमी असल्यामुळे अर्ध्या दिवसाच्या रजा झटपट मंजूर होत होत्या, आणि ते योग्यच असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. मात्र शिल्लक रजेतून वजाही शून्यच होत होते. शीट चाळून अशा १४ नोंदी काढल्या आणि आस्थापना विभागाला कळवल्या. तिथल्या सहकारी बाईंनी एवढेच विचारले की आता त्या चौदा जणांना कोण सांगणार. ते काम माझ्याकडे आले.

दिवसांचा मोकळा रकाना आणि अर्ध्या दिवसाची चौकट अशी दोन्ही काढून टाकली. आता एकच निवडसूची आहे, ०.५ पासून अर्ध्या-अर्ध्या दिवसाने चढत जाणारी. आज तीन तास गेले, त्यातला एक फोनवर.

७ मार्च

‘तातडीची रजा’ ही चौकट. खूण केली नसेल तर फॉर्म ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, असे मूल्य पाठवतो. पण तेही मजकूर म्हणून. अटीत मी फक्त ‘तातडी असेल तर’ एवढेच तपासले होते, आणि जावास्क्रिप्टच्या दृष्टीने रिकामा नसलेला कोणताही मजकूर ‘होय’ असतो, मग त्यात ‘फॉल्स’ ही अक्षरे लिहिलेली का असेनात. म्हणजे दोन महिने प्रत्येक रजा तातडीची होती आणि आगाऊ सूचनेची अट एकदाही लागू झाली नव्हती.

प्रमाणपत्राच्या अटीतही याच जातीची चूक होती. जोडलेल्या फायलींची यादी रिकामी असली तरी ती यादी असते, आणि रिकामी यादीसुद्धा ‘होय’ ठरते. आता यादीची लांबी शून्यापेक्षा जास्त आहे का, हे तपासले जाते. दोन्ही दुरुस्त्या मिळून दीड तास.

८ मार्च

आजच्या दोन्ही चुका ताज्या आहेत. जुन्या वर्कफ्लोत त्या नव्हत्या, दुरुस्ती करता करता मी त्या आणल्या.

प्रकार तपासणारा नोड नव्याने लिहायला घेतला. नियमाचे वाक्य असे : ‘प्रकार नैमित्तिक किंवा आजारपण नसेल तर पुढच्या फाट्याला पाठवा.’ मी ते जसे कानाला ऐकू येते तसेच उतरवले : प्रकार नैमित्तिक नाही, किंवा प्रकार आजारपण नाही. चाचणीत प्रत्येक अर्ज पुढच्या फाट्याला गेला. थोडे थांबून पाहिले तर कारण उघड होते, कारण नैमित्तिक रजा आजारपणाची नसते आणि आजारपणाची रजा नैमित्तिक नसते, म्हणून दोनपैकी एक विधान कायमच खरे राहते. बोलण्यातल्या ‘किंवा… नसेल’ याचा अर्थ ‘हेही नाही आणि तेही नाही’ असा असतो आणि अट लिहिताना तिथे ‘आणि’ यावे लागते. आपण रोज हे वाक्य बोलतो आणि समोरच्याला ते बरोबर कळते, म्हणूनच हात तिथे घसरतो. आता मी नकारार्थी अटी शक्यतो लिहीतच नाही. जे हवे आहे त्याची यादी लिहितो आणि उरलेल्यांना ‘नाही’च्या फाट्याने जाऊ देतो.

दुसरी चूक कंसाची. ‘आजारपण किंवा नैमित्तिक, आणि दिवस दोनपर्यंत’ ही अट एका ओळीत कंसाशिवाय लिहिली. जावास्क्रिप्टमध्ये ‘आणि’ आधी सोडवला जातो, ‘किंवा’ नंतर. त्यामुळे दिवसांची मर्यादा फक्त नैमित्तिक रजेला चिकटली आणि नऊ दिवसांची आजारपणाची रजा प्रमाणपत्राविना मंजूर झाली, सुदैवाने प्रतीमध्येच. कंस घातले. त्यानंतर दोन अटी दोन वेगळ्या नोडमध्ये फोडल्या, कारण सहा महिन्यांनी ती ओळ वाचणारा कंस नीट वाचेल याची मला खात्री वाटत नाही, आणि तो वाचणारा बहुधा मीच असेन.

१० मार्च

या कामातला आतापर्यंतचा सर्वांत लांबलेला दिवस : पाच तास, आणि तेही एका शब्दापायी.

‘दुसऱ्या ठिकाणी काम’ या प्रकारचे काही अर्ज योग्य वाटेने जातात आणि काहींची रजा वजा होते, असे जुन्या नोंदींतून दिसले. अटीमध्ये सरळ शब्दांची तुलना होती. चुकलेल्या आणि न चुकलेल्या अर्जांतले शब्द शेजारी शेजारी ठेवले. अक्षरे तीच, वेलांटी तीच, ‘ऱ्या’चा आडवा फटकाराही तोच. तरीही वर्कफ्लो म्हणतो की हे दोन शब्द वेगळे आहेत.

पहिला संशय शब्दाच्या शेवटी चिकटलेल्या मोकळ्या जागेवर घेतला. दोन्ही टोके छाटली, पण फरक पडला नाही. नंतर अशी शंका आली की मधल्या दोन मोकळ्या जागांपैकी एखादी ‘न तुटणारी’ असेल, कारण वर्ड प्रोसेसरमधून उचललेल्या मजकुरात ती अनेकदा येते. तीही नव्हती. मग मी शब्द स्वतः टाइप करून अट पुन्हा पुन्हा चालवली आणि ती प्रत्येक वेळी बरोबर चालली, ज्यामुळे गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. दोन तास असे गेले.

शेवटी फक्त ‘दुसऱ्या’ एवढा शब्द घेऊन दोन्ही अर्जांत त्याची लांबी मोजली. एकात ७ आली, दुसऱ्यात ८. तिथे गाठ सुटायला लागली. मग एकेका अक्षराचा युनिकोड संकेतांक छापून घेतला. पहिल्या शब्दात : द, उकार, स, ऱ (०९३१), हलन्त (०९४डी), य, काना. दुसऱ्यात : द, उकार, स, साधा र (०९३०), हलन्त (०९४डी), त्यानंतर अदृश्य जोडक (२००डी), मग य आणि काना. पडद्यावर दोन्हींचे रूप तेच दिसते, कारण हा आडवा ‘र’ दोन्ही रीतींनी लिहिता येतो. युनिकोडने पहिली रीत पुढे ठेवली असली तरी दुसरी जुन्या मजकुरासाठी चालू ठेवली आहे, आणि कोणती रीत वापरायची हे टाइप करणारा ठरवत नाही. त्याचा कीबोर्ड ठरवतो.

मजकूर प्रमाणित रूपात आणणारे जे तयार फंक्शन असते ते मी मोठ्या आशेने चालवले. ते ‘र’ आणि नुक्ता अशा जोडीला एकत्र करून ‘ऱ’ करते, पण अदृश्य जोडक असलेल्या रीतीला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन रीती समतुल्य नाहीत.

हे दोन प्रकारचे शब्द आले कुठून, तर फॉर्म दोन आहेत, एक संगणकासाठी आणि एक मोबाइलसाठी. संगणकाच्या फॉर्ममधील पर्याय मी टाइप केले होते. मोबाइलच्या फॉर्ममधील पर्याय एका सहकाऱ्याने स्वतःच्या कीबोर्डवर टाइप केले. अटीतला शब्द माझा, म्हणून माझी प्रत्येक चाचणी पास झाली. सहकाऱ्याची यात काही चूक नाही. शब्द डोळ्यांनी तपासला असता तरी कुणालाच काही दिसले नसते.

दोन पातळ्यांवर दुरुस्ती केली. दोन्ही फॉर्ममध्ये प्रत्येक पर्यायाला १ ते ४ असा अंक जोडला. वर्कफ्लो आता तो अंकच पाहतो आणि मराठी नाव केवळ माणसांसाठी राहते. जुन्या नोंदींसाठी शुद्धीकरण नोडमध्ये एक पायरी घातली, जी ‘र, हलन्त, अदृश्य जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवते. ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘अधिकाऱ्यांची मंजुरी’, ‘कर्मचाऱ्यांचा विभाग’ असे शब्द मराठी फॉर्मच्या पर्यायांत पदोपदी येतात. ज्यांच्या अटी अशा शब्दांवर बेतलेल्या आहेत त्यांनी आधी लांबी मोजावी.

११ मार्च

‘सुरू असलेल्या फेऱ्या’ ही यादी मी आजवर कधी उघडलीच नव्हती. तिथे ९ अर्ज अडकून पडले होते, सर्वांत जुना सात आठवड्यांपूर्वीचा. सगळे आजारपणाचे आणि दोन दिवसांपेक्षा जास्त.

अटीनंतर वेगळे झालेले दोन फाटे मी पुढे एका ‘एकत्र करा’ नोडमध्ये आणले होते, म्हणजे निर्णयाचे पत्र एकाच ठिकाणाहून जाईल. पण हा नोड मूळ सेटिंगप्रमाणे दोन्ही बाजूंकडून माल येण्याची वाट पाहतो. अटीमुळे अर्ज एकाच फाट्याने जातो, दुसऱ्या फाट्याने काहीही कधीच येणार नसते, आणि नोड शांतपणे वाट पाहत राहतो. ‘जे आधी येईल ते पुढे सोडा’ हा पर्याय निवडला आणि गुंता सुटला. अर्जदारांनी तक्रार का केली नाही, तर त्यांना वाटत होते की वरिष्ठांनी अजून निर्णय दिलेला नाही. वरिष्ठांना मात्र अर्ज आल्याचेच माहीत नव्हते.

या नऊ अर्जांचा निपटारा हाताने केला. दोन तास.

१३ मार्च

आज सापडलेली चूक पाहून सर्वांत जास्त अस्वस्थ झालो.

अर्जित रजेसाठी वर्कफ्लो अर्जदाराच्या विभागावरून मंजुरीदारांची यादी काढतो, प्रत्येकाला पत्र पाठवतो आणि ‘सर्वांनी होकार दिला आहे का’ हे तपासतो. नव्याने सुरू झालेल्या एका विभागाची ओळ मंजुरीदारांच्या शीटमध्ये कुणी घातलीच नव्हती. त्यामुळे यादी रिकामी आली, एकही पत्र गेले नाही, आणि ‘सर्वांनी होकार दिला आहे का’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आले.

हा बिघाड नाही. रिकाम्या यादीतील ‘सर्व’ घटक अट पूर्ण करतात, हे तर्कशास्त्रात खरेच मानले जाते, कारण अट मोडणारा एकही घटक दाखवता येत नाही. जावास्क्रिप्टचे फंक्शनही त्याच नियमाने चालते. उलट ‘किमान एकाने होकार दिला आहे का’ असा प्रश्न केला असता तर रिकाम्या यादीवर उत्तर ‘नाही’ आले असते. माझ्या प्रश्नात ‘कुणाला तरी विचारले आहे’ हे गृहीत होते आणि मी ते कुठेही लिहिले नव्हते. या वाटेने दोन अर्जित रजा कोणाच्याही नजरेखालून न जाता मंजूर झाल्या होत्या.

अटीपूर्वी आता आणखी एक अट आहे : मंजुरीदारांची संख्या एक किंवा जास्त आहे का. नसेल तर अर्ज कुठे पाठवायचा, या प्रश्नावर मी अडलो, कारण ‘परत’ पाठवला तर चूक अर्जदाराची ठरते आणि ‘वरिष्ठांकडे’ पाठवावा तर वरिष्ठ कोण हेच माहीत नाही. तीन ठिकाणांपैकी एकही जागा याच्यासाठी नव्हती.

१४ मार्च

कालच्या प्रश्नामुळे संपूर्ण आराखडाच पुन्हा पाहिला. माझ्या प्रत्येक अटीला दोन फाटे होते आणि ‘नाही’चा फाटा हा स्वतः एक निर्णय होता. नॅन आला, अनोळखी प्रकार आला, रकाना रिकामा आला, तरी अर्ज ‘नाही’च्या फाट्याने जाऊन एखाद्या तितक्याच ठाम निर्णयावर पोहोचत होता. आता प्रत्येक अटीला तीन फाटे केले आहेत : होय, नाही, आणि ‘कळले नाही’. तिसऱ्या फाट्यावरचे अर्ज थांबतात, आणि अर्ज कोणत्या नोडपाशी कोणत्या मूल्यामुळे थांबला हे सांगणारे पत्र माझ्याकडे येते. ‘नाही’ हा फाटासुद्धा आता मूल्य ओळखीचे असेल तरच घेता येतो.

त्यानंतर कागदावर तक्ता मांडला. चार प्रकार, दिवसांची तीन मूल्ये, प्रमाणपत्र आहे किंवा नाही, तातडी आहे किंवा नाही : ४ × ३ × २ × २, एकूण ४८ ओळी. प्रत्येक ओळीसमोर अपेक्षित निर्णय आधी लिहिला आणि मगच ती ओळ वर्कफ्लोमधून चालवली. निकाल पाहून अपेक्षा लिहायची सवय असेल तर तक्ता मांडण्यात अर्थ नाही. मला ती सवय होती. दिवसांसाठी २, २.५ आणि ३ अशी सीमेवरची मूल्ये घेतली.

त्यातल्या २.५ ने लगेच हिसका दाखवला. आजारपणाच्या रजेत माझी एक अट ‘२ किंवा कमी’ अशी होती आणि दुसरी ‘३ किंवा जास्त’. पूर्ण दिवसांच्या काळात या दोन अटींमध्ये फट नव्हती. ५ मार्चला अर्धे दिवस निवडसूचीत आणून ती फट मीच पाडली. अडीच दिवसांचा अर्ज ‘कळले नाही’ फाट्यावर जाऊन थांबला, म्हणजे नवा फाटा पहिल्याच दिवशी कामी आला. दुसरी अट ‘२ पेक्षा जास्त’ अशी केली. ४८ पैकी ४ ओळी चुकल्या होत्या. चारही याच फटीतल्या. तक्ता मांडायला, चालवायला आणि पुन्हा चालवायला सहा तास लागले.

१७ मार्च

दोन महिन्यांचे २१२ जुने अर्ज दुरुस्त प्रतीमधून पुन्हा चालवले आणि जुन्या निकालांशी ताडून पाहिले. ४१ अर्जांत फरक आला. त्यात अर्ध्या दिवसाचे १४, अडकलेले ९, आगाऊ सूचनेचा नियम मोडणारे ६, ‘दुसऱ्या ठिकाणी काम’चे ५, देवनागरी अंकांचे ४, कुणालाही न विचारता मंजूर झालेले २, आणि ज्याने हे सर्व सुरू झाले तो दहा दिवसांचा १.

आस्थापना विभागातील बाईंनी आगाऊ सूचनेची यादी स्वतंत्रपणे हाताने काढली होती. त्यांच्याकडे ६ नव्हे तर ७ नावे होती. मी आधी त्यांची यादी तपासली, मग स्वतःची. तो क्रम उलटा असायला हवा होता. सातवा अर्ज पहाटे भरलेला होता, आणि रजा परवापासून नव्हे, तर उद्यापासून हवी होती. वर्कफ्लोचे घड्याळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालते आणि आमची वेळ तिच्या पुढे आहे, म्हणून पहाटेचा अर्ज वर्कफ्लोच्या दृष्टीने आदल्या तारखेचा ठरला आणि अर्जदाराला एक दिवस फुकट मिळाला. शिवाय जावास्क्रिप्ट नुसती तारीख वाचताना ती यूटीसीची समजते आणि तारखेला वेळ जोडलेली असेल पण वेळक्षेत्र दिलेले नसेल तर ती स्थानिक समजते, म्हणून दोघांची वजाबाकी कधी १.७ तर कधी २.२ अशी येत होती. आता दोन्ही मूल्ये आधी स्थानिक कॅलेंडरच्या तारखेत आणली जातात आणि मग पूर्ण दिवसांचीच वजाबाकी होते. फरकाचे अर्ज ४२ झाले आणि दोन्ही याद्या जुळल्या.

२१ मार्च

कालपासून दुरुस्त वर्कफ्लो चालू आहे. दुरुस्तीला एकूण सुमारे ३४ तास लागले, उभारणीच्या जवळजवळ चौपट. यातला मोठा भाग दुरुस्ती लिहिण्यात नव्हे, तर चुकीच्या जागी शोधण्यात गेला.

‘कळले नाही’ फाट्यावर आतापर्यंत तीन अर्ज थांबले. त्यातले दोन जुन्या फॉर्मच्या दुव्यावरून आले होते, जो कुणीतरी मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. त्यात प्रकाराचा अंकच नव्हता. जुना फॉर्म बंद केला.

तिसरा अर्ज अजून तसाच आहे. अर्जदार स्वतःच आपल्या विभागाचे एकमेव मंजुरीदार आहेत. जुन्या वर्कफ्लोने त्यांना त्यांच्याच रजेच्या मंजुरीचे पत्र पाठवले असते आणि त्यांनी होकार दिला असता तर ती मंजूरही झाली असती. अर्जदार आणि मंजुरीदार एकच आहेत का, ही अट घालायला मला पाच मिनिटे लागली. पण ‘होय’च्या फाट्यावर पुढे काय जोडायचे हे मला ठरवता येत नाही, कारण अशा वेळी रजा कोणी मंजूर करायची याचा नियम आस्थापना विभागाकडेही लिहिलेला नाही. विभागाला लेखी विचारले आहे. उत्तर येईपर्यंत त्या नोडचा ‘होय’ फाटाही ‘कळले नाही’लाच जोडून ठेवला आहे, आणि संबंधितांना त्यांचा अर्ज का थांबला आहे हे मी प्रत्यक्ष भेटून सांगितले आहे.